फॉर्म भरला गेला म्हणजे पात्र ठरलो असं नाही! नोकरीचा अर्ज करण्याआधी जाहिरातीत काय तपासायचं?

वसई : सरकारी भरतीची जाहिरात आली की व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरायला लागतात. 'मेगाभरती', 'दहावी-बारावी पास, लगेच अर्ज करा', 'शेवटचे दोन दिवस'. मग पारोळ, भाताणे, मेढेसारख्या आतल्या गावांतली पोरं विरारला येतात आणि झेरॉक्सच्या किंवा नेट कॅफेच्या दुकानात नंबर लावून फॉर्म भरतात. फी भरली जाते, पावती मिळते, काही दिवसांनी हॉल तिकीटही येतं. त्यामुळे आपण या पदासाठी पात्र आहोत, असं उमेदवाराला आणि घरच्यांना वाटतं.

इथेच अनेक जण फसतात. ऑनलाइन फॉर्म स्वीकारला गेला, फी घेतली गेली, परीक्षेला बसायला मिळालं, यातल्या कशाचाही अर्थ 'पात्र' असा होत नाही. पात्रता खऱ्या अर्थाने तपासली जाते ती कागदपत्र पडताळणीच्या दिवशी. तिथे कागद कमी पडला तर चांगले गुण मिळवूनही नाव यादीतून जातं. म्हणूनच आपल्या शिक्षणाशी आणि कागदपत्रांशी जुळणाऱ्या जागेसाठीच अर्ज करणं महत्त्वाचं आहे. आपली पात्रता जुळते की नाही हे घरबसल्या कसं तपासायचं, ते समजून घेऊया.

एका जागेमागे किती जण?

आधी स्पर्धेचा अंदाज घेऊ. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांहून जास्त. परीक्षा शुल्क खुल्या प्रवर्गासाठी १००० रुपये आणि राखीव प्रवर्गासाठी ९०० रुपये होतं. जून २०२४ मध्ये सुरू झालेल्या पोलीस भरतीत १७ हजारांहून अधिक जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. पोलीस शिपाई पदाला शिक्षण बारावी पास लागतं, पण अर्ज करणाऱ्यांत पदवीधर, इंजिनिअर, वकीलही होते.

वर्षभरात एका उमेदवाराने अशा पाच-सहा भरतींचे फॉर्म भरले तर नुसत्या फीचेच चार-पाच हजार रुपये होतात. फोटो, स्कॅनिंग, फॉर्म भरून देणाऱ्याचे पैसे वेगळे. परीक्षा केंद्र जिल्ह्याबाहेर आलं तर गाडीभाडं, राहणं आणि बुडालेला रोज वेगळा. मजुरीवर चालणाऱ्या घरासाठी ही रक्कम लहान नाही. ज्या जागेला आपण पात्रच नाही, तिथे हा सगळा खर्च वाया जातो. राज्याच्या बऱ्याच भरतींत फी 'ना परतावा' असते, म्हणजे एकदा भरली की परत मिळत नाही.

फॉर्म आपल्याला अडवत का नाही?

'पात्र नव्हतो तर वेबसाइटने फॉर्म घेतला कसा?' हा नेहमीचा प्रश्न. त्याचं कारण सोपं आहे. लाखो अर्जांची कागदपत्रं सुरुवातीलाच तपासणं शक्य नसतं. त्यामुळे उमेदवार जी माहिती टाकतो ती खरी धरून पुढची प्रक्रिया होते. 'पदवीधर आहात का?' या प्रश्नापुढे 'होय' निवडलं की फॉर्म पुढे जातो. फॉर्मच्या शेवटी एक प्रतिज्ञापत्र असतं : दिलेली माहिती खरी आहे, खोटी निघाल्यास उमेदवारी रद्द करता येईल. बहुतेक जण ते न वाचताच टिक करतात.

पुढे परीक्षा, निकाल, गुणवत्ता यादी आणि मग कागदपत्र पडताळणी. तिथे मूळ प्रमाणपत्रं आणि फॉर्ममधली माहिती समोरासमोर ठेवली जाते. इथे चूक निघाली तर 'परीक्षेला बसू दिलं होतं' हे उत्तर चालत नाही. नेमणूक झाल्यावर खोटेपणा उघड झाला, तर नोकरी जाते आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो.

शेवटच्या वर्षाला आहात? तारीख बघा

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पात्रतेच्या तारखेवरून. समजा जाहिरातीत पदवी मागितली आहे आणि अर्जाची शेवटची तारीख १५ जुलै आहे. एखादी मुलगी टी.वाय.ची परीक्षा देऊन बसली आहे, निकाल ऑगस्टमध्ये लागणार आहे. परीक्षा होईपर्यंत निकाल येईलच, म्हणून ती फॉर्म भरते. जाहिरातीत वेगळी सवलत दिलेली नसेल तर ती पात्र ठरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये अशोक कुमार शर्मा विरुद्ध चंदर शेखर या प्रकरणात हा मुद्दा स्पष्ट केला आहे. जम्मू-काश्मीरमधल्या त्या भरतीत काही उमेदवारांचा निकाल अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर, पण मुलाखतीच्या आधी लागला होता. पात्रता अर्जाच्या शेवटच्या तारखेलाच बघायची, नंतर मिळालेली पात्रता धरायची नाही, असं न्यायालयाने सांगितलं. यामागे न्यायाचा विचार आहे. ज्यांचा निकाल लागला नव्हता म्हणून ज्यांनी नियम पाळून अर्जच केला नाही, त्यांच्यावर अन्याय व्हायला नको.

काही परीक्षांत मात्र सवलत असते. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेत पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांना पूर्व परीक्षा देता येते, पण मुख्य परीक्षेच्या टप्प्यावर पदवी हातात लागते. अशी सवलत जाहिरातीत लिहिलेली असेल तरच धरायची. लिहिलेली नसेल तर ती नाही असं समजायचं.

जास्त शिकलेल्याला अडचण येते का?

'बारावी मागितली आहे, माझी तर पदवी आहे, मग काय अडचण?' असं अनेकांना वाटतं. बहुतेक ठिकाणी अडचण नसतेच. पण हे दरवेळी खरं नाही आणि त्याचे दोन निकाल माहीत असलेले बरे.

पहिला महाराष्ट्रातलाच. नागपूरच्या जिल्हा न्यायालयातल्या शिपाई भरतीत ठरलेल्या शिक्षणापेक्षा जास्त शिकलेल्यांना बाजूला ठेवलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. केवळ जास्त शिकला म्हणून उमेदवाराचा विचारच न करणं तर्काला धरून नाही, असं न्यायालयाने २००० मध्ये म्हटलं.

दुसरा निकाल ३ नोव्हेंबर २०२० चा, पंजाब नॅशनल बँकेच्या ओडिशातल्या शिपाई भरतीचा. इथे जाहिरातीतच लिहिलं होतं की उमेदवार बारावी पास असावा, पण पदवीधर नसावा. एका उमेदवाराने २०१४ मध्ये पदवी घेतली होती. अर्जात त्याने फक्त बारावीपर्यंतचं शिक्षण दाखवलं. त्याची निवड झाली. नंतर पदवी उघड झाली आणि बँकेने त्याला रुजू करून घेतलं नाही. उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पण सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. कोणत्या पदाला काय शिक्षण हवं हे ठरवण्याचा अधिकार नोकरी देणाऱ्याचा आहे, अट मान्य नव्हती तर आधी आव्हान द्यायला हवं होतं आणि महत्त्वाची माहिती लपवणाऱ्याला नोकरीचा हक्क सांगता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

थोडक्यात, जास्त शिक्षण हा गुन्हा नाही. पण जाहिरातीत 'पदवीधर नसावा' असं स्पष्ट लिहिलं असेल तर तिथे अर्ज करू नये. आणि कुठेही शिक्षण लपवू नये. पदवीधर असूनही कमी शिक्षणाच्या जागेला अर्ज करायचा असेल, तर फॉर्ममध्ये पदवी दाखवूनच करावा.

आयटीआय वेगळं, डिप्लोमा वेगळा

आपल्या भागात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण इथली अनेक मुलं आयटीआय किंवा डिप्लोमा करतात. डिप्लोमा हा आयटीआयपेक्षा वरचा, म्हणून आयटीआयच्या जागेला डिप्लोमावाला चालेलच, हा समज चुकीचा ठरू शकतो.

डिसेंबर २०१८ मध्ये जहूर अहमद राथर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न होता. वीज खात्यातल्या टेक्निशियन पदाला आयटीआय मागितलं होतं आणि इलेक्ट्रिकल डिप्लोमा असलेल्यांनी आपल्यालाही घ्यावं असं म्हटलं. न्यायालयाने ते मानलं नाही. नियमात तसं लिहिलेलं नसेल तर वरच्या शिक्षणात खालचं शिक्षण आपोआप धरता येत नाही, असा निकाल आला. जाहिरातीत 'किंवा समकक्ष' अथवा 'किंवा त्यावरील अर्हता' असे शब्द असतील तर गोष्ट वेगळी. म्हणून असे दोन-तीन शब्द शोधून वाचायचे असतात.

जवळचं उदाहरण पश्चिम रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीचं. या भरतीत दहावीला किमान ५० टक्के आणि संबंधित ट्रेडमधलं आयटीआय लागतं. लेखी परीक्षा नसते. दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. त्यामुळे विरार, नालासोपारा, पालघर, डहाणूकडच्या आयटीआय झालेल्या मुलांसाठी ही चांगली संधी असते. पण इंजिनिअरिंगची पदवी किंवा डिप्लोमा झालेल्यांना या भरतीत घेत नाहीत. त्यांच्यासाठी अप्रेंटिसची वेगळी योजना असते. म्हणजे इथे आयटीआयवाल्याचा रस्ता मोकळा आणि डिप्लोमावाल्याचा बंद आहे.

ट्रेडचं नावही नीट जुळायला हवं. फिटर मागितला असेल तर टर्नर चालेल, वायरमन मागितला असेल तर इलेक्ट्रिशियन चालेल, असं मनाने धरू नये. जाहिरातीत ट्रेडची यादी असते, त्यात आपल्या ट्रेडचं नाव शोधावं.

'आवश्यक' आणि 'प्राधान्य' यात फरक आहे

जाहिरातीत दोन प्रकारच्या गोष्टी लिहिलेल्या असतात. 'आवश्यक अर्हता' म्हणजे ती असल्याशिवाय अर्ज करून उपयोग नाही. 'प्राधान्य' किंवा 'असल्यास उत्तम' म्हणजे ती नसली तरी अर्ज करता येतो.

अनेक जण, विशेषतः मुली, 'प्राधान्य' वाचूनही मागे हटतात. एका वर्षाचा अनुभव 'असल्यास प्राधान्य' असेल आणि बाकी सगळं जुळत असेल तर अर्ज जरूर करावा. उलट लिपिक-टंकलेखक पदाला मराठी टायपिंग ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिटाचं शासकीय प्रमाणपत्र 'आवश्यक' असेल, तर 'मला मोबाइलवर मराठी टाइप करता येतं' हे चालत नाही. प्रमाणपत्र आधी काढावं लागतं.

एमएससीआयटीचंही तसंच. काही भरतींत नेमणुकीनंतर ठरावीक मुदतीत ते मिळवण्याची मुभा असते, काहींत अर्जाच्या दिवशीच लागतं. एका जाहिरातीचा नियम दुसऱ्या जाहिरातीला लावू नये.

शिक्षणाशिवाय इतर अटी

पात्रता म्हणजे नुसतं शिक्षण नाही. या गोष्टींवरही अर्ज अडतो :

• वय : राज्य शासनाच्या बऱ्याच पदांना खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागास प्रवर्गासाठी ४३ वर्षं अशी मर्यादा असते. पोलीस शिपायाला ती बरीच कमी आहे : खुल्या प्रवर्गाला २८, मागास प्रवर्गाला ३३. वय कोणत्या तारखेला मोजायचं, तेही जाहिरातीत दिलेलं असतं.

• शारीरिक मोजमाप : पोलीस शिपाई पदाला सर्वसाधारणपणे पुरुषांना किमान १६५ सेंमी आणि महिलांना १५५ सेंमी उंची लागते. फॉर्म भरण्याआधी चप्पल काढून, भिंतीला पाठ लावून उंची मोजावी. मैदानावर जाऊन एक सेंमी कमी भरली की वर्षभराचा सराव फुकट जातो.

• जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर : प्रवर्गाचा लाभ घ्यायचा असेल तर कागद वैध असायला हवा. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राला मुदत असते, ती जाहिरातीत मागितलेल्या काळाशी जुळते का ते बघावं.

• पेसा क्षेत्रातल्या जागा : पालघर जिल्ह्यातले बरेच तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. वसई आणि पालघर तालुक्यातली मात्र काहीच गावं त्यात आहेत. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वनरक्षक यांसारख्या पदांच्या पेसा क्षेत्रातल्या जागा स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी असतात. जाहिरातीत पेसा आणि बिगर-पेसा जागा वेगळ्या दाखवतात. या विषयावर न्यायालयात वादही झाले आहेत, त्यामुळे त्या-त्या वेळच्या जाहिरातीतली सूचनाच प्रमाण मानावी.

• एकच अर्ज : पोलीस भरतीत एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करायचा असतो. पालघरला, ठाण्याला, मुंबईला असे तीन ठिकाणी भरून ठेवू, म्हणणाऱ्यांची उमेदवारी अडचणीत येते.

वालीव-सातिवलीच्या कंपन्यांत काय?

सरकारी नोकरीचे नियम ताठर असतात. खासगी कंपनीत तसं नसतं. वालीव, सातिवली, गोखिवरेचे गाळे असोत नाहीतर बोईसर-तारापूरची एमआयडीसी, तिथे हाताला काम येतं का हे आधी बघतात. 'दोन वर्षांचा अनुभव' लिहिलेल्या जागेला दीड वर्षवाला गेला तर कुणी हाकलून देत नाही. अशा ठिकाणी जवळपास जुळणाऱ्या कामासाठी विचारून बघायला हरकत नाही.

पण खोटं सांगू नये. 'सीएनसी चालवता येतं' असं बायोडेटात लिहिलं आणि सुपरवायझरने मशीनसमोर उभं केलं, की पाच मिनिटांत कळतं. काम धोक्याचं असेल तर अपघात होऊन हात जाऊ शकतो. येत नसेल तर 'हेल्पर म्हणून घ्या, शिकून घेईन' असं सरळ सांगितलेलं बरं. बरेच ऑपरेटर हेल्पर म्हणूनच लागलेले असतात.

आणखी एक सावधगिरी. 'शिक्षण जुळत नसलं तरी लावून देतो, एवढे पैसे द्या' असं कुणी म्हणालं, तर तिथून परत फिरावं. सरकारी भरतीत पात्रता बदलण्याचा अधिकार कोणत्याही एजंटाला नसतो. पैसे घेऊन तो फार तर खोटं प्रमाणपत्र देईल, आणि ते पकडलं गेलं की गुन्हा उमेदवारावर.

जुळणारी जागा कुठे शोधायची?

राज्य सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नाव नोंदवताना आपलं शिक्षण आणि कौशल्य नीट भरलं, तर त्यानुसार जागा बघता येतात. रोजगार मेळाव्यांची माहितीही तिथे मिळते. आयटीआय झालेल्यांनी केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवरही नोंद करावी.

अनुभव नाही म्हणून अडलेल्यांसाठी २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना सुरू झाली. सुरुवातीला त्यात बारावी पासला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकेला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन ठरलं होतं. अशा योजनांचे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याआधी पालघरच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात सध्याची स्थिती विचारून घ्यावी.

फी भरण्याआधी दहा मिनिटं द्या

१. व्हॉट्सअॅपवर आलेली इमेज बघून फॉर्म भरू नका. विभागाच्या अधिकृत वेबसाइटवरून पूर्ण जाहिरातीची पीडीएफ डाउनलोड करा.

२. त्यात 'शैक्षणिक अर्हता', 'वयोमर्यादा', 'आवश्यक कागदपत्रे' आणि 'महत्त्वाच्या सूचना' हे चार भाग तरी वाचा.

३. आपली मूळ प्रमाणपत्रं समोर ठेवा. प्रत्येक अटीपुढे आपल्याकडचा कागद आणि त्यावरची तारीख लिहा. निकालाची तारीख अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आधीची हवी.

४. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, आधारवरचं नाव आणि लग्नानंतर बदललेलं नाव यात फरक असेल तर लागणारा पुरावा आधी तयार ठेवा.

५. शंका असेल तर जाहिरातीत दिलेल्या हेल्पलाइनवर विचारा. नेट कॅफेवाल्याचं 'चालतं, भरून टाका' हे उत्तर धरू नका. तो फॉर्म भरून देतो, पुढची जबाबदारी त्याची नसते.

६. फॉर्म दुसऱ्याने भरला तरी सबमिट करण्याआधी प्रीव्ह्यू स्वतः वाचा. जाहिरातीची पीडीएफ, भरलेला फॉर्म आणि फीची पावती मोबाइलमध्ये जपून ठेवा. जाहिरात नंतर वेबसाइटवरून निघून जाते आणि पडताळणीच्या वेळी तीच कामाला येते.

एखादी आवश्यक अट जुळली नाही, तर ती भरती सोडून द्यावी लागते. वाईट वाटतं, पण फीचे हजार रुपये वाचतात. ते टायपिंगच्या क्लासला, एमएससीआयटीला किंवा राहिलेला विषय काढायला वापरले, तर पुढची जाहिरात येईल तेव्हा त्या अटीपुढे लिहायला आपल्याकडे कागद असेल.